इंजिन न उघडता : मानखुर्दच्या डिझेल मिस्त्रींच्या निदानविद्येचा इतिहास

१/
सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन सुरू आहे. लयीत कुठेतरी एक ठोका चुकतो आहे, बॉनेट थरथरते आहे आणि सायलेन्सरमधून काळसर भपके येत आहेत. मिस्त्री इंजिन बंद करत नाही. पंपाकडून पहिल्या नोझलकडे जाणाऱ्या बारीक पाइपाचा नट तो पान्याने किंचित सैल करतो. डिझेल बाहेर झिरपते, पहिल्या सिलिंडरचे इंधन तुटते आणि इंजिनाचा आवाज बसतो. नट पुन्हा आवळला जातो. दुसरा सैल होतो, आवाज पुन्हा बसतो. तिसरा, चौथा. पाचवा नट सैल केल्यावर मात्र आवाजात काहीच फरक पडत नाही.
‘पाचवा मारत नाही.’

२/
जो सिलिंडर आधीच काम करत नव्हता, त्याचे इंधन तोडल्याने काय बिघडणार? एवढ्याच तर्कावर, इंजिनाचा एकही बोल्ट न काढता, दोष कुठे आहे ते कळते. मुंबईच्या पूर्व टोकाला मानखुर्द, गोवंडी, ट्रॉम्बे आणि वडाळा या पट्ट्यातील ट्रक गॅरेजांनी कित्येक दशके आपला संसार या तर्कावर चालवला. आज त्याच मानखुर्दला, नव्या ट्रकवर, हाच नट सैल करणे मिस्त्रीच्या जिवावर बेतू शकते.
हे कसे घडले, त्याचा हा धागा. #थ्रेड

३/
डिझेल इंजिनाचा इतिहास मुळात बिघाडानेच सुरू होतो. रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये जर्मनीत पेटंट मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आउग्सबुर्ग येथे पहिली चाचणी झाली, तेव्हा स्फोटाच्या धक्क्याने इंजिनावरचे दाब मोजण्याचे उपकरणच फुटले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथम स्वतःच्या बळावर चालले, तेही जेमतेम एक मिनिट, मिनिटाला ८८ फेरे या गतीने. १८९७ मध्ये म्यूनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी मोजलेली कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता.

४/
या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या भागाइतकी दाबली जाते. त्या दाबाने तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि नेमक्या क्षणी फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनाचा मिस्त्री स्पार्क प्लग काढून ठिणगी डोळ्यांनी पाहू शकतो. डिझेलच्या मिस्त्रीला दाखवण्यासारखे बाहेर काहीच नसते. हवा पुरेशी दाबली गेली का आणि फवारा वेळेवर, बारीक पडला का, हे दोन्ही प्रश्न लोखंडाच्या आत घडतात. डिझेलच्या दुरुस्तीत निदानाला इतके वजन आले ते यामुळेच.

५/
जहाजे आणि कारखान्यांतले हे अवजड यंत्र रस्त्यावर आले ते १९२३-२४ मध्ये. बेन्झ आणि मान या जर्मन कंपन्यांनी डिझेलवर चालणारे ट्रक दाखवले. खरी अडचण होती ती फवाऱ्याची. मिनिटाला हजारो वेळा, प्रत्येक सिलिंडरला तितकेच थेंब, त्याच क्षणी द्यायचे कसे? १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागलेल्या इंधनपंपाने हा प्रश्न सोडवला. त्या पंपातील दांडा आणि त्याची नळी यांच्यातले अंतर अवघे दोन-तीन मायक्रॉन असते, केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट कमी. ही सूक्ष्मता पुढे, अगदी वेगळ्या कारणाने, महाराष्ट्राच्या एका रक्तरंजित प्रकरणाशी जोडली जाणार आहे.

६/
मराठी मुलखाची डिझेलशी ओळख रस्त्यावर झाली नाही. ती विहिरीवर झाली. सर धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली होती. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिन्यांपुरते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव असेलच तर याच कारणाने असते, इंजिनासाठी नाही.) १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली आणि पुण्याजवळ खडकीला तिचा कारखाना उभा राहिला. पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, उसाचे गुऱ्हाळ या ठिकाणी एका सिलिंडरच्या इंजिनाची ‘धक् धक्’ गावागावांत पोहोचली.

७/
दुसरी शाळा लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात हजारो मोटारगाड्या भारतातून आघाड्यांकडे गेल्या. त्यांची निगा राखण्यासाठी १ मे १९४३ रोजी इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे स्वतंत्र दल उभारले गेले. युद्ध संपल्यावर या दलातून सुटलेले कारागीर आणि लष्कराने विकायला काढलेले जुने ट्रक, दोन्ही एकदमच बाजारात आले. तिसरी शाळा होती एस.टी.ची. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी धावली, आणि दापोडीसारख्या कार्यशाळांत इंजिन पूर्ण उकलून पुन्हा बांधण्याचे काम शिस्तीने, नोंदी ठेवून होऊ लागले.

८/
मात्र मुंबईतले बहुतेक ट्रक तोवर पेट्रोलवर चालत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७ पासून डॉज आणि फार्गो ट्रकांची जुळणी सुरू केली होती. कुर्ला म्हणजे मानखुर्दपासून काही स्थानकांचे अंतर. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. त्यामुळे पेट्रोलच्या ट्रकात पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेण्याची चाल पडली. इंजिन एका देशाचे, गाडी दुसऱ्या देशाची आणि दोन्ही जुळवणारा मिस्त्री मुंबईचा. छापील पुस्तिकेत अशा संकराची माहिती असण्याचे कारणच नव्हते.

९/
१९५४ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे. टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेन्झशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ‘टाटा-मर्सिडीज-बेन्झ’ ट्रक बाहेर पडू लागले. १९५५ मध्ये चेन्नईची अशोक मोटर्स ‘अशोक लेलँड’ झाली. १९६९ मध्ये टाटांचा करार संपला. जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ हे अक्षर आले. बंगळूरला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे पंप आणि नोझल देशातच बनू लागले, आणि पुढे नाशिकच्या सातपूरला नोझलचा मोठा कारखाना आला.

१०/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत. टाटांच्या इंजिनांचे क्रमांक वाचता येतात. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर, व्यास ९७. ४९७ म्हणजे त्याच व्यासाचे ४. ट्रकचे नावही असेच: १२१० म्हणजे सुमारे १२ टन एकूण वजन आणि सुमारे १०० अश्वशक्ती, १६१३ म्हणजे १६ टन आणि १३०. शाळा अर्धवट सुटलेल्या मिस्त्रीलाही नुसत्या क्रमांकावरून पिस्टन कोणता मागवायचा हे कळे.

११/
आता मानखुर्द.
नकाशा पाहिला की उत्तर निम्मे सापडते. दक्षिणेला माहुल-ट्रॉम्बेचा किनारा. तिथे १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ते हेच. टँकरांची रांग या भागाला तेव्हापासून लागली. पूर्वेला खाडी. तोवर मानखुर्द म्हणजे मुंबईचे शेवटचे टोक, त्यापुढे रस्ताच नव्हता.

१२/
१९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला आणि शेवटचे टोक एकदम प्रवेशद्वार बनले. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, गोवा, बंगळूर या दिशांचा माल आता ठाण्याला वळसा न घालता मानखुर्दवरून शहरात येऊ लागला. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला हलला, १९९१ मध्ये मसाला आणि किराणा, १९९६ मध्ये भाजी-फळे. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यावर कंटेनर आले. शहरात शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई. मानखुर्दचा जकात नाका हा मुंबईच्या मोजक्या नाक्यांपैकी एक. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत ट्रक तिथे थांबत.

१३/
ट्रक थांबतो तिथे चहा, पंक्चर, मग स्पेअर पार्ट, मग गॅरेज. थांबलेल्या गाडीचा दोष लपत नाही. महामार्गाच्या वेगात दबून गेलेला ठोका रांगेत मंद गतीवर उभे राहिल्यावर स्पष्ट ऐकू येतो. वारा लागेनासा झाला की रेडिएटरचा काटा चढतो. आणि बाहेर निघालेल्या गाडीपुढे बोरघाट असतो. घाटात इंजिन बसले तर ओढून आणण्याचा खर्च वेगळा, माल नासला तर तो वेगळा. म्हणून ‘घाटाआधी दाखवून घे’ हा व्यवहार.

१४/
मिस्त्रीपुढचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसतोच. प्रश्न असतो: उघडायचे की नाही? ट्रक बहुधा एकाच माणसाच्या मालकीचा, कर्जावर घेतलेला. कित्येकदा मालकच चालक. हेड उतरवले की निदान दोन-तीन दिवस गेले. ‘हाफ इंजिन’ म्हणजे रिंगा, पिस्टन, बेअरिंग यांपुरते काम. ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँकसह सगळेच. या दोहोंतला फरक त्या कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या हप्त्यांचा. निदान चुकून निरोगी इंजिन उघडले तर मालक बुडतो. उघडायला हवे ते उघडले नाही तर सैल झालेला कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि मग दुरुस्त करायला काही उरत नाही.

१५/
म्हणून आधी बाहेरच्या साक्षी घेतल्या जातात. पहिली साक्ष धुराची.
काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबला, नोझल फवारण्याऐवजी थेंब टाकते, किंवा गाडीवर बोजा जास्त.
निळा धूर: वंगणतेल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या मार्गदर्शक नळ्या झिजल्या.
पांढरा धूर: डिझेल न जळताच बाहेर येते, किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते. या दोहोंतला फरक नाकाने ओळखायचा. न जळलेले डिझेल डोळ्यांना झोंबते.

१६/
दुसरी साक्ष तेलाची. डिपस्टिक ओढली आणि तेल दुधाळ दिसले, तर पाणी तेलात मिसळले. तेलाची पातळी आपोआप वाढली आणि ते पातळ झाले, तर डिझेल खाली उतरते आहे. बोटांच्या चिमटीत चोळलेल्या तेलात चमचमते कण सापडले, तर बेअरिंग झिजते आहे.
तिसरी साक्ष रेडिएटरची. झाकण काढून इंजिन चालवले आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतो आहे. ‘गॅस्केट उडाले’ किंवा ‘हेडला क्रॅक गेली’. इथे घाई करणारा गॅस्केट बदलून मोकळा होतो. आठवड्याने गाडी तशीच परत येते, कारण भेग हेडमध्येच होती. जाणता मिस्त्री हेड उतरवल्यावर ते दाबाच्या पाण्यावर तपासून आणल्याशिवाय बसवत नाही.
चौथी ब्रीदरची. इंजिनाच्या पोटातून हवा बाहेर सोडणाऱ्या या नळीतून ठोक्याठोक्याला धूर निघाला, तर पिस्टनच्या कडेने वायू खाली निसटतो आहे.

१७/
आणि मग कान. लांब स्क्रू-ड्रायव्हर किंवा सळईचे एक टोक ब्लॉकवर, दुसरे कानाच्या हाडाशी. डॉक्टरचा स्टेथोस्कोप जे करतो तेच. वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची. खालून येणारा जड, बोथट ठोका बेअरिंगचा. पण नोझल बिघडली तरी धातूसारखा ठोका येतो, आणि इथेच नवशिके फसतात. मग पुन्हा तोच पाना, तोच नट. इंधन तोडले की त्या सिलिंडरचा भार जातो. नोझलचा ठोका पूर्ण थांबतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका बहुधा मऊ पडतो, पण जात नाही.

१८/
‘पाचवा मारत नाही’ हे कळले, तरी का मारत नाही हे कळायचे असते. त्यासाठीची युक्ती विज्ञानाच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. पाचव्याची नोझल काढून दुसऱ्याला लावायची, दुसऱ्याची पाचव्याला. पुन्हा नट सैल करत जायचे. दोष दुसऱ्याकडे गेला, तर नोझल खराब. इंजिन उघडायची गरज नाही. दोष पाचव्यातच राहिला, तर नोझल निर्दोष. व्हॉल्व्ह, रिंगा किंवा पंप.
या पद्धतीला सर्रास ‘जुगाड’ म्हटले जाते. तो शब्द येथे अन्यायाचा आहे. जुगाड म्हणजे नसलेल्या वस्तूची वेळ मारून नेणे. ही एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधण्याची पद्धत आहे. ती कागदावर उतरली नाही, इतकाच तिचा दोष.

१९/
ज्याला दस्तऐवजांचे वेड आहे त्याने क्रँकशाफ्टकडे पाहावे. बेअरिंग जळले की क्रँकचा तो भाग घासून गुळगुळीत करतात; तो थोडा बारीक होतो, म्हणून बेअरिंग थोडे जाड घालावे लागते. गॅरेजांत याला ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ म्हणतात. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. भारताने दशमान मापे स्वीकारून सहा दशके लोटली, टाटांचे इंजिन जन्मापासून मिलिमीटरचे, तरी दुरुस्तीच्या भाषेतला इंच गेला नाही. उघडलेल्या इंजिनात ‘तीस’ निघाले, की ते आधी किती वेळा मरणाच्या दारातून परतले आहे हे विक्रेत्याच्या शब्दावाचून कळते.

२०/
बिघाडांना यांत्रिक कारणे असतात, तशी राजकीयही. दीर्घकाळ रेशनच्या रॉकेलवर मोठे अनुदान होते आणि डिझेल त्यापेक्षा बरेच महाग. परिणाम उघड आहे. ओळख पटावी म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला. भेसळ थांबली नाही. रॉकेल जळते नीट, पण त्यात डिझेलइतका स्निग्धपणा नसतो. पाचव्या पोस्टमधले ते दोन-तीन मायक्रॉन आठवा: पंपाच्या त्या दांड्याला वंगण मिळते ते फक्त त्यातून वाहणाऱ्या डिझेलचेच. रॉकेलमिश्रित इंधनाने दांडा घासतो, दाब पडतो, नोझल थेंब गाळू लागते. पंपवाल्याच्या बाकावर उकललेल्या पंपाच्या ओरखड्यांत रेशन दुकानाचे अर्थशास्त्र वाचता येई.

२१/
२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ तेल भेसळीचा प्रकार रोखण्यासाठी गेले असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी घडलेल्या या घटनेने महाराष्ट्र हादरला आणि राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला. भेसळ हा किरकोळ भ्रष्टाचार असल्याचा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

२२/
दुसरे कारण बोजाचे. १६ टनांच्या गाडीत त्याहून बराच जास्त माल भरला जाई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये जादा भाराविरुद्ध स्पष्ट आदेश दिले, तरी व्यवहार सुरू राहिला. जादा भार ओढायचा तर जादा डिझेल हवे. पंपावरच्या कमाल इंधनाच्या स्क्रूला शिशाचे सील असते. ते तोडून स्क्रू फिरवला की गाडी ओढते, काळा धूर ओकते आणि काही महिन्यांत पिस्टनचा माथा वितळतो. मिस्त्रीला हे ठाऊक असते. मालक सांगतो म्हणून तो स्क्रू फिरवतो, आणि नंतर तेच इंजिन दुरुस्त करण्याचे पैसेही घेतो. या व्यवसायाबद्दल लिहिताना हा भाग गाळणे प्रामाणिक ठरणार नाही.

२३/
किंमत मिस्त्रीच्या शरीरानेही मोजली. बंदिस्त शेडमध्ये चालू इंजिनाशेजारी तासन् तास उभे राहणे हाच निदानाचा मार्ग होता. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत घातले. जुन्या गॅस्केटांत आणि ब्रेक लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, ते हाताने खरवडले जाई. आणि उस्तादाला पाने देणारा मुलगा अनेकदा दहा-बारा वर्षांचा असे. १९८६ च्या बालमजुरी कायद्याच्या निषिद्ध यादीत मोटार वर्कशॉप आणि गॅरेज यांचा पुढे समावेश झाला. आयटीआयमध्ये ‘डिझेल मेकॅनिक’ हा रीतसर अभ्यासक्रम होता, पण गॅरेजमध्ये विद्या आली ती या पाने देणाऱ्या मुलाच्या वाटेने. त्या वाटेचे गोडवे जपून गायला हवेत.

२४/
मग इंजिनच बदलले.
१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चाले. ते जळून आम्ल बने आणि सिलिंडरच्या भिंती आतून खाई. एप्रिल २०१० मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत भारत स्टेज चार मानके आली, १ एप्रिल २०१७ पासून ती देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले. श्वास घेणाऱ्या मुंबईकरासाठी हे भले झाले, यात वाद नाही.

२५/
पण ही मानके जुन्या पंपाला पेलणारी नव्हती. त्याच्या जागी ‘कॉमन रेल’ आली: एका जाड नळीत सतत प्रचंड दाबाखाली साठवलेले डिझेल, आणि किती, केव्हा फवारायचे हे ठरवणारा संगणक. जुन्या ट्रकमध्ये नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बार आणि त्याहूनही पुढे जातो. असा पाइप चालू इंजिनावर सैल केला तर सुटणारी धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र डिझेल पसरत जाते. बोट किंवा हात कापावा लागू शकतो. डिझेल इंजिनाच्या धारेने झालेली अशी इजा अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९३७ मध्येच नोंदली गेली होती. तेव्हा ती विरळा होती. आता ती प्रत्येक नव्या इंजिनाच्या नटामागे दबा धरून आहे.

२६/
नोझल अदलाबदल करण्याची युक्तीही सुटली नाही. कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या स्वभावाचा एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो आणि तो संगणकाला सांगावा लागतो. पाचवा दुसऱ्याला लावला आणि क्रमांक भरला नाही, तर मोजमाप चुकते. क्रमांक भरायचा तर कंपनीचे यंत्र आणि त्याचा परवाना हवा.
गमतीचा भाग पुढे आहे. ते यंत्र ट्रकला जोडल्यावर पडद्यावर एक चाचणी दिसते. संगणक एकेका सिलिंडरचे इंधन क्रमाने तोडतो आणि इंजिनाची गती किती घटली ते मोजतो. ज्याने गती घटत नाही, तो दोषी. पान्याचा तो तर्क जसाच्या तसा यंत्रात गेला; फक्त तो आता मिस्त्रीच्या मालकीचा राहिला नाही.

२७/
मालकीच्या या प्रश्नावर एक निवाडा झाला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारकार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने न देणे, हा आक्षेप. प्रकरण पुढे अपिलात गेले. निवाडा कारचा होता, ट्रकचा नव्हता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनेही आली.

२८/
जुने ६९७ अजून संपलेले नाही. ते जनरेटरवर, बोअरवेलच्या गाड्यांवर, जिल्ह्याच्या ठिकाणी वाळू-खडी वाहणाऱ्या ट्रकांत चालते, आणि मरते तेव्हा त्याचे तुकडे मानखुर्दच्या मंडाळ्यासारख्या भंगाराच्या गोदामांत सुटे होतात. ब्लॉक एका ढिगात, क्रँक दुसऱ्यात. क्रँक उचलून बघणारे गिऱ्हाईक अजून येते. ‘दहा आहे की वीस?’ असे विचारते.

२९/
नव्या ट्रकचा पडदा सांगतो: सिलिंडर क्रमांक पाच, योगदान कमी. तो इंजेक्टर आहे, व्हॉल्व्ह आहे की रिंग आहे, हे पडदा बहुतेक वेळा सांगत नाही. लॅपटॉप बाजूला ठेवला जातो, ब्रीदरची नळी काढून तिच्या तोंडाशी हात धरला जातो, आणि कोणीतरी चालकाला गाडी रेस करायला सांगतो.